शाळेतील लैंगिक शिक्षण : महाराष्ट्रातील कायदा, शासन निर्णय आणि वर्ग

शाळेत लैंगिक शिक्षण द्यावे, असे सांगणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने आजवर केलेला नाही. देऊ नये, असे सांगणाराही नाही. या विषयावर जे काही आहे ते शासन निर्णय, परिपत्रके, पाठ्यपुस्तकातील एखादे प्रकरण, आरोग्य खात्याचे कार्यक्रम आणि केंद्राच्या फौजदारी कायद्यातील काही कलमे यांत विखुरलेले आहे. मुलाने आपल्या शरीराविषयी काय शिकावे, कोणी शिकवावे आणि कितव्या वर्षी, याचे उत्तर म्हणूनच एका जागी सापडत नाही. ते मूल कोणत्या शाळेच्या पटावर आहे, यावरही बरेच ठरते.

रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागात, चौकच्या आसपास, हे फार जवळून दिसते. चौक हे खालापूर तालुक्यातील जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचे बाजाराचे गाव. पनवेल-कर्जत लोहमार्गावरचे स्थानकही. कर्जत-खालापूर पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आहेत, खासगी संस्थांच्या अनुदानित माध्यमिक शाळा आहेत, सीबीएसईशी संलग्न इंग्रजी शाळा आहेत आणि ठाकर व कातकरी मुलांसाठी निवासी आश्रमशाळा आहेत. पहिल्या दोन प्रकारच्या शाळा शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात. सीबीएसईच्या शाळांचा अभ्यासक्रम दिल्लीहून येतो. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, आणि रायगडपुरते त्यांचे प्रशासन पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालते. शेजारच्या वाडीतली दोन मुले दोन वेगळ्या शाळांत गेली, तर वयात येण्याविषयी त्यांना काय सांगितले जाईल हे दोन वेगळ्या खात्यांच्या कागदांवर अवलंबून असते.

हा अधिकार मुळात कोणाचा, हे राज्यघटनेत ठरलेले आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत आला. त्यामुळे केंद्र धोरण आखू शकते, पण शाळेच्या वर्गापर्यंत ते न्यायचे की नाही हे बहुतांशी राज्याच्या हाती राहते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम २९ नुसार प्राथमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम नेमलेल्या शैक्षणिक प्राधिकरणाने ठरवायचा असतो. महाराष्ट्रात ते काम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे आणि पाठ्यपुस्तके बालभारती काढते. याच कलमात मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे आणि मोकळेपणाने बोलता यावे यासाठी मदत करावी, अशी तरतूद आहे. लैंगिक शिक्षणाचा उल्लेख तिथे नाही; पण या शिक्षणाला शिक्षणविषयक कायद्यातच आधार शोधायचा झाला, तर याहून सरळ वाक्य दुसरे नाही.

शासन निर्णय आणि कायदा यांतला फरक इथे महत्त्वाचा ठरतो. कायदा बदलायला विधिमंडळात विधेयक आणावे लागते, चर्चा होते, मतदान होते. शासन निर्णय मंत्रालयातील एका विभागाच्या सहीने निघतो आणि तसाच मागे घेता येतो. लैंगिक शिक्षणाचा महाराष्ट्रातील इतिहास हा असा सुरू होऊन थांबलेल्या निर्णयांचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात मात्र सरकारी नव्हती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते. या कामामुळे त्यांना ती नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचक जे प्रश्न कोणालाच विचारू शकत नव्हते ते मासिकाकडे पाठवत आणि कर्वे छापून उत्तर देत. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी खटला हरला. लैंगिक माहिती देणे हा गुन्हा की लोकशिक्षण, हा वाद महाराष्ट्रात पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत मांडला गेला तो मुंबईच्या न्यायालयात, आणि तोही फौजदारी खटला म्हणून. पुढे १९४९ मध्ये मुंबईतच भारतीय कुटुंब नियोजन संघटना स्थापन झाली. पुण्यात डॉ. अनंत आणि डॉ. शांता साठे यांनी शाळांमध्ये जाऊन मुलामुलींशी बोलण्याचे काम केले, तर ‘तथापि’ या संस्थेने शरीरसाक्षरतेची मराठी साधने तयार केली. शाळेबाहेरच्या या परंपरेने मराठीला या विषयावर सभ्य, नेमके आणि न लाजता बोलण्याची भाषा दिली. सरकारी पुस्तिकांनी तिचा उपयोग फार थोडा करून घेतला.

शाळेच्या आत हा विषय आला तो लोकसंख्येच्या चिंतेतून. १९८० मध्ये राष्ट्रीय लोकसंख्या शिक्षण प्रकल्प सुरू झाला. त्यात भर कुटुंबाच्या आकारावर होता. किशोरवयातील मुलाला पडणारे प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी नव्हते. मग एड्सची साथ आली आणि घाई सुरू झाली. २००५ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम देशभर आणला. नववी आणि अकरावीच्या वर्गांत सुमारे १६ तासांची सत्रे, प्रशिक्षित शिक्षक आणि चित्रफलक असे त्याचे स्वरूप होते.

हा कार्यक्रम महाराष्ट्रात अडला तो २००७ मध्ये. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पीय अधिवेशनाच्या सुमारास शिक्षकांसाठीच्या साहित्यातील शरीररचनेची चित्रे वादाचा विषय झाली. ही चित्रे वर्गात दाखवण्याजोगी नाहीत, संस्कृतीला धरून नाहीत, असा आक्षेप सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाकांवरून आला. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वसंत पुरके यांनी राज्यातील शाळांत हे शिक्षण दिले जाणार नाही, असे जाहीर केले. महाराष्ट्र एकटा नव्हता. गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, राजस्थान आणि कर्नाटक यांनीही त्याच काळात कार्यक्रम रोखला. महाराष्ट्रात काँग्रेसच्या आघाडीचे सरकार होते; या राज्यांत भाजपचे किंवा भाजपचा सहभाग असलेले. या एका प्रश्नावर पक्षभेद उरला नाही.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांवरील अत्याचारांचा राष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून तो तयार झाला होता आणि त्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्यातील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणारे बहुधा ओळखीचे, विश्वासातले होते आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. चित्रांवरून वाद घालणाऱ्या सभागृहांत या आकड्यांवर त्या तोडीची चर्चा झाली असती, तर निर्णय वेगळा झाला असता असे मानायला जागा आहे. चित्रे अधिक सौम्य करता आली असती, वयोगटांनुसार विभागता आली असती, पालकांना आधी दाखवता आली असती. त्याऐवजी सगळा कार्यक्रमच थांबला आणि पुढची पाच वर्षे शाळेच्या पातळीवर जवळपास रिकामी गेली. २००९ मध्ये वेंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांत लैंगिक शिक्षण नको, असा अहवाल दिला. कार्यक्रम केंद्राच्या शाळांत मात्र टिकला. कर्जत तालुक्यातला जो मुलगा परीक्षा देऊन माणगाव तालुक्यातील निजामपूरच्या जवाहर नवोदय विद्यालयात गेला, त्याच्यासाठी हा कार्यक्रम चालू होता. जो गावच्या शाळेत राहिला, त्याच्यासाठी बंद.

चित्र बदलले ते बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याने. बोलीत त्याला सगळीकडे पोक्सोच म्हणतात. १४ नोव्हेंबर २०१२ पासून तो लागू झाला. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती त्याच्या दृष्टीने बालक आहे आणि बालकाची संमती त्यात ग्राह्य नाही. शाळेच्या व्यवस्थापनातील किंवा कर्मचाऱ्यांपैकी कोणी गुन्हा केला तर तो अधिक गंभीर मानला जातो. कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि कलम २१ प्रमाणे न कळवणे हाच गुन्हा आहे. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कलम ४३ ने सरकारांवर या कायद्याची माहिती मुलांपर्यंत आणि पालकांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी टाकली.

२०२० मध्ये आलेल्या पोक्सो नियमांनी ही जबाबदारी अधिक स्पष्ट केली. नियम ३ नुसार केंद्र किंवा राज्य सरकारने मुलांच्या वयाला साजेसे शैक्षणिक साहित्य आणि अभ्यासक्रम तयार करायचा आहे. स्वतःच्या शरीराची आणि आंतरजालावरील ओळखीची सुरक्षितता, लैंगिक गुन्ह्यांपासून बचाव, १०९८ या मदतवाहिनीसह तक्रारीचे मार्ग आणि स्त्री-पुरुष समानता असे विषय त्यात घालायचे आहेत. शाळांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायची, त्यांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यायचे आणि बालसंरक्षणाचे धोरण ठेवायचे. भारतात लैंगिक शिक्षणाच्या सर्वांत जवळ जाणारी बंधनकारक तरतूद आज हीच आहे. तिची मर्यादाही उघड आहे. साहित्य तयार करा, एवढे ती सांगते. वेळापत्रकात तास किती, शिकवणार कोण, पुस्तकात पान कोणते, हे सांगत नाही. शिवाय ती गुन्ह्याच्या बाजूने विषयाकडे पाहते. स्पर्श चांगला की वाईट, हे मूल त्यातून शिकते. पाळी उशिरा आली तर काय, रात्री वीर्यस्खलन झाले तर तो आजार का नव्हे, आवडणाऱ्या मुलीने नकार दिला तर काय करायचे, याची उत्तरे त्यात नाहीत.

शरीराची माहिती पाठ्यपुस्तकात आहे, पण उशिरा. दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ पुस्तकाच्या दुसऱ्या भागातील सजीवांच्या जीवनप्रक्रियांचे प्रकरण पाहिले, तर त्यात स्त्री-पुरुषांच्या प्रजनन संस्थांच्या नामनिर्देशित आकृत्या, ऋतुचक्र, जुळी मुले, काचनलिकेतील फलन, भाडोत्री मातृत्व, वीर्यपेढी आणि गरमी, परमा हे रोग आलेले आहेत. म्हणजे कृत्रिम गर्भधारणेपर्यंतचे विज्ञान शालान्त परीक्षेला आहे. मुलींना पाळी येते ती त्याच्या तीन-चार वर्षे आधी. मध्ये शाळा सोडणाऱ्या मुलीपर्यंत तर हे प्रकरण पोचतच नाही. आणि परीक्षेत आकृतीला गुण असल्यामुळे वर्गात वेळ जातो तो नावे देण्यावर; संमती, आकर्षण, दबाव, समाजमाध्यमांवरचे फोटो या गोष्टी जीवशास्त्राच्या प्रकरणात बसत नाहीत म्हणून राहून जातात.

उरलेली जागा आरोग्य खात्याने काही प्रमाणात भरली. जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि १० ते १९ वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांत समुपदेशनाची सोय झाली. महाराष्ट्रात ही केंद्रे ‘मैत्री’ नावाने ओळखली जातात. २०१८ मध्ये अस्मिता योजनेतून जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ सॅनिटरी पॅडचे पाकीट देण्याचे ठरले. २०२० मध्ये आयुष्मान भारतखालील शालेय आरोग्य कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून आठवड्याला एक तास घ्यायचा, अशी त्याची रचना आहे. त्याच्या ११ विषयांत वाढीचे वय, नातेसंबंध, लिंगसमभाव, प्रजनन आरोग्य व एचआयव्ही प्रतिबंध आणि आंतरजालाचा सुरक्षित वापर हे सगळे आहे. कागदावर पाहिले तर २००७ मध्ये नाकारलेले बरेचसे यात परत आले आहे. २०१९ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात लैंगिक शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख होता. २०२० च्या अंतिम धोरणातून तो गळाला.

कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात या सगळ्या तरतुदींची खरी कसोटी लागते. इथले कातकरी हे महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुले बरोबर जातात. शाळेत वर्षातून एकदा कोणी येऊन मार्गदर्शन करून गेले, तर त्या दिवशी हे मूल पटावर असते, वर्गात नसते. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी. पहिली पाळी, आवाज फुटणे, पहिले आकर्षण हे सगळे त्यांना घरापासून दूर, वसतिगृहात भेटते. आई, मावशी, आजी यांची जागा तिथे अधीक्षिकेला घ्यावी लागते, आणि तिला त्यासाठी काय शिकवले आहे हा प्रश्न आश्रमशाळेत इतर कुठल्याही शाळेपेक्षा अधिक मोलाचा आहे. निवासी संस्थेत मूल किती एकटे पडू शकते हे या पट्ट्याला माहीत आहे : कर्जतजवळच्या टाकवे येथील एका निवासी संस्थेतील मुलांवरचे लैंगिक अत्याचार २०१४ मध्ये उघडकीस आले. २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील पाळा येथील आश्रमशाळेतील प्रकरणाने सगळे राज्य हादरले.

कमी वयात लग्न होणे किंवा लग्नाशिवाय एकत्र राहू लागणे या भागातील आदिवासी वाड्यांत अजून दिसते. राज्याचा प्रश्नही त्यापेक्षा फार वेगळा नाही : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झाले होते. १७ वर्षांची मुलगी दिवस राहिले म्हणून चौकच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात नाव नोंदवायला आली, की डॉक्टरांना पोलिसांना कळवावेच लागते. मुलगा तिच्याच वयाचा असो, दोघे नवरा-बायको म्हणून राहत असोत, कायद्याच्या दृष्टीने तो आरोपी होतो. पत्नी अल्पवयीन असेल तर पतीलाही सूट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव पोलिसांना देण्याची सक्ती डॉक्टरांवर नसावी, असा दिलासा दिला. पण जिला मूल हवे आहे तिच्यासाठी तो उपयोगाचा नाही. पोलीस केसच्या धास्तीने रुग्णालय टाळले, तर धोका त्या मुलीच्याच जिवाला असतो.

शाळेतही हीच अडचण दुसऱ्या रूपात येते. मुलीने विश्वासाने बाईंना सांगितले की तिचे एका मुलावर प्रेम आहे आणि ती दोघे जवळ आली आहेत, तर बाईंनी काय करायचे? कलम १९ म्हणते, पोलिसांना कळवा. मग शहाणी शिक्षिका असे काही ऐकायला लागू नये अशीच व्यवस्था करते : प्रश्नोत्तरे टाळते, तास भाषणात संपवते. अत्याचार दडू नये म्हणून केलेल्या कलमाचा हा परिणाम कोणाला अभिप्रेत नव्हता. पण शिकवण्याची स्पष्ट जबाबदारी न देता केवळ कळवण्याची जबाबदारी दिली, की वर्ग गप्प होणारच. महाराष्ट्रातील कायद्याचे सर्वांत मोठे वैगुण्य हेच आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले. बदलापूर कर्जत मार्गावरच आहे. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि या मार्गावरची लोकलसेवा कित्येक तास बंद पडली. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. सुनावणीत खंडपीठाने मुलींना जपण्यासाठी आधी मुलग्यांना शिकवावे लागेल, अशा अर्थाचे मत मांडले. निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव व शालिनी फणसळकर-जोशी आणि माजी पोलीस अधिकारी मीरा बोरवणकर यांचा समावेश असलेली समिती नेमली गेली. राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायच्या सखी सावित्री समित्या यांविषयी निर्देश दिले. सखी सावित्री समितीचा निर्णय मुळात मार्च २०२२ चा. बदलापूरनंतर अनेक शाळांना त्याची आठवण झाली. कॅमेरा आणि पडताळणी आवश्यकच आहेत. मात्र ज्या वयाच्या मुली या प्रकरणात होत्या, त्या वयाचे मूल तक्रारपेटीत चिठ्ठी टाकू शकत नाही. त्याला अवयवांची नावे माहीत हवीत आणि सांगितले तर कोणी रागावणार नाही याची खात्री हवी; ही खात्री बालवाडीपासून दिली तरच येते.

इतर ठिकाणी हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवला गेला आहे. झारखंडने २००६ पासून ‘उडान’ हा कार्यक्रम सरकारी शाळांत चालवला. केरळच्या उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पोक्सोची माहिती अभ्यासक्रमात घालण्याचे आदेश दिले. स्वीडनने १९५५ मध्येच हे शिक्षण सक्तीचे केले. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून माध्यमिक शाळांत ते कायद्याने सक्तीचे आहे. पालकांना लैंगिक शिक्षणाच्या भागातून मूल काढून घेण्याची मुभा आहे, पण सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच्या तीन सत्रांपासून मुलाचा स्वतःचा शब्द चालतो. अमेरिकेत भारतासारखेच राज्याराज्यांत अंतर आहे, फक्त तिथे ते विधिमंडळांच्या कायद्यांत लिहिलेले असते. कॅलिफोर्नियात २०१६ पासून सातवी ते बारावीच्या दरम्यान किमान दोनदा सर्वांगीण शिक्षण द्यावे लागते आणि नको असेल तर पालकांनी तसे कळवायचे असते. टेक्ससने २०२१ च्या कायद्याने उलट पालकांची लेखी परवानगी आधी घेणे सक्तीचे केले. फरक लहान वाटतो, पण चिठ्ठी लिहिण्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला येतात त्यावर वर्गात किती मुले बसतात हे ठरते.

महाराष्ट्रात पालकांच्या परवानगीचा प्रश्न कोणत्याही नियमात सुटलेला नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. साहित्य आधी त्यांच्यापुढे ठेवण्याची तरतूद केली, तर २००७ सारखा गोंधळ गावपातळीवरच मिटू शकतो. आश्रमशाळेत मात्र पालक दूर भट्टीवर असताना होकार कोणी द्यायचा, हा प्रश्न वेगळा हाताळावा लागेल.

२३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बालकांच्या अश्लील चित्रणाविषयीच्या निकालात लैंगिक शिक्षणाचा सविस्तर विचार केला. हे शिक्षण म्हणजे पाश्चात्त्य कल्पना आहे हा समज न्यायालयाने खोडून काढला, पोक्सोच्या कलम ४३ मधील सरकारची जबाबदारी केवळ कायद्याच्या प्रसिद्धीपुरती नाही असे म्हटले आणि सर्वांगीण कार्यक्रमासाठी तज्ज्ञ समिती नेमण्याची सूचना केंद्राला केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने नववीपासून हे शिक्षण सुरू करणे उशिराचे आहे, ते लहान वयापासून द्यावे, असे मत नोंदवले. ही मते राज्याने अमलात आणायची, तर नवा कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. पोक्सो नियमांतील अभ्यासक्रम वयोगटांनुसार तयार करणे शैक्षणिक प्राधिकरणाच्या अधिकारात आहे. तो पाठ्यपुस्तकांत बसवणे बालभारतीला शक्य आहे आणि डीएलएड, बीएडच्या प्रशिक्षणात तो सक्तीचा करता येतो. तोच अभ्यासक्रम आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळांना, अधीक्षक-अधीक्षिकांच्या स्वतंत्र प्रशिक्षणासह, लागू करण्यासाठी दोन्ही विभागांचा एक संयुक्त शासन निर्णय पुरेसा आहे. विधिमंडळाचा कायदा लागेल तो एकाच गोष्टीसाठी : असा निर्णय पुढच्या एखाद्या अधिवेशनातील गदारोळाने रातोरात मागे घेता येऊ नये म्हणून.